रंगवून काढलेली गाडी

आमची जुनी पांढरी गाडी विकायची ठरली ती सुनेसाठी. ती भोकरकडच्या शाळेत शिक्षिका आहे. नांदेडहून रोज स्कूटीवर जायची. गेल्या पावसाळ्यात ट्रकला बाजू देताना घसरली आणि हात मोडून घेतला. जुन्या गाडीचा क्लच तिला जमला नाही. शिकवायला आमचे मालक शेजारी बसायचे आणि ओरडायचे. ओरडणाऱ्यापाशी बसून कुणाला काय जमणार? तिला बिनक्लचची गाडी हवी होती. जुनी चांगल्या भावात गेली तरच नवी येणार, आणि तीही शाळा उघडायच्या आत. नाहीतर पुन्हा स्कूटी, पुन्हा पाऊस.

मालकांचा जन्म बैलांच्या बाजारात गेला. बाजाराच्या आदल्या दिवशी बैल धुवायचा, शिंगं घासून रंगवायची, म्हणजे गिऱ्हाईक लांबून चालत येतं. त्याच रीतीनं त्यांनी कुणाला न विचारता गाडी रंगवून आणली. बॉनेट आणि उन्हानं पिवळट पडलेली दोन दारं. "आता बघ भाव," म्हणाले. मलाही गाडी झ्याक दिसली, खोटं कशाला सांगू?

मुरुडहून गिऱ्हाईक आलं. कपाळाला विभूती लावलेला तरुण किराणा दुकानदार. पूर्वी लोक एकच विचारायचे, ॲव्हरेज किती देते? हा विचारत होता, एअरबॅगा किती, मागं कॅमेरा आहे का, वरचं छत उघडतं का.

"छत उघडं पायजे तर ट्रॅक्टर घे की," मी म्हणाले.

तो हसला. मग बोटानं दारावर टकटक केली, दाराचं रबर ओढून आतला जुना रंग पाहिला आणि त्याचं हसू गेलं.

"काका, गाडी ठोकलेली दिसतीय."

"ठोकली न्हाई. चांगली दिसावी म्हून रंग दिलाय."

"चांगल्या गाडीला कोण रंग देतंय?"

"माझ्यावर इश्वास न्हाई का?"

"तुमच्यावर हाय, काका. गाडीवर न्हाई."

त्यानं जो भाव सांगितला त्यात नव्या गाडीची चाकंसुद्धा आली नसती. सून चहा घेऊन दारात उभी होती. तिनं चहा ठेवला आणि आत गेली. दुकानदार उठला.

मी खिळ्यावरची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

"बैल घेताना आधी घरी नेऊन जुंपून बघायची रीत हाय. बसला तर परत आणायचा. तू गाडी मुरुडला ने. तुझ्या मिस्त्रीला दाखव, आडवी करून बघ, उभी करून बघ. मग बोल."

मालक माझ्या कानाशी आले. "अगं, पळवून नेली तर?"

"त्याचं दुकान हाय मुरुडला. दुकान पळतंय व्हय?" मी मोठ्यानंच विचारलं.

दुकानदार गाडी घेऊन गेला. पुढं रोज संध्याकाळी मालक फाटकाशी उभे राहायचे आणि कुणी विचारलं तर हवा खातोय म्हणायचे. शेवटी फोन आला.

"मावशी, मिस्त्रीनं खालून वरून सगळी बघितली. ठोकलेली न्हाई. गाडी तुम्ही सांगितल्या भावाला घेतो. पण रंगाचे थोडे कापणार. उद्या मी विकायला काढली, तर पुढचाबी मला हेच विचारंल."

बोलणं रास्त होतं. मी होकार दिला. जेवताना मालकांना म्हणाले, "रंग द्यायला पैसे गेले, आन् दिला म्हूनबी गेले." ते भाकरी खात राहिले.

शाळा उघडायच्या आधी नवी गाडी दारात आली. आता सून चालवते, तिचा हात बसेपर्यंत सोबत म्हणून पुढं मी बसते. मालक मागं बसतात, तिथून ओरडलेलं पुढं फारसं पोचत नाही.

पहिल्याच महिन्यात गाडी फाटकाला घासली. दारावर चांगला हातभर ओरखडा उठला. मालकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"पेंटरला बोलावतो."

"ठेवा तो मोबाइल," मी म्हणाले. "घासलीय तर घासलेली दिसू द्या. मागं बसा, शाळेला उशीर होतोय."