दिवाणावरचा धारावीचा डोंगर

ह्यांचा हात पहिल्यांदा थरथरला तो ऑफिसात, नकाशावर. हे अंधेरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. शाईची सरळ रेघ मध्येच वाकडी गेली, म्हणून पेन खराब झालं असं समजून ह्यांनी पेन बदललं. मग कागद बदलला. वर्षभराने साहेबांनी सांगितलं, "थोडे दिवस स्टोअरमध्ये बसा." डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं तेव्हा हे त्रेचाळीस वर्षांचे होते. आणखी एक वर्ष स्टोअरमध्ये ढकललं आणि राजीनामा देऊन घरी बसले.

घर म्हणजे जेसल पार्कातली वन रूम किचन. मी भाईंदर पूर्वेच्या एका प्रसूतिगृहात सिस्टर होते. मूलबाळ नव्हतं. रोज दुसऱ्यांची बाळं हातात घ्यायची आणि घरी यायचं. ती एकोणीसशे नव्वदच्या आसपासची वर्षं असतील.

स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे ह्यांना एक विलायती मासिक मिळालं. त्यात टक्कल पडलेली, चष्मेवाली मोठी माणसं टेबलाभोवती उभी होती आणि टेबलावर इंचभर उंचीचं सैन्य मांडलेलं होतं. डोंगर, नदी, पूल, सगळं. सैनिक किती पुढे जाणार ते फूटपट्टीने मोजायचं आणि कोण मरणार ते फाशांवर ठरवायचं. अशा रीतीने जुन्या लढाया ती माणसं पुन्हा खेळत होती. ह्यांनी ते मासिक महिनाभर वाचलं. मग एक दिवस म्हणाले, "आपण धारावी करू या."

मुंबईतली धारावी नव्हे. आमच्याकडे उत्तनच्या पुढे खाडीच्या तोंडावर डोंगर आहे, त्याला जुन्या काळी धारावी म्हणायचे. वसईच्या मोहिमेत मराठे आणि फिरंगी त्या डोंगरासाठी भांडले आणि शेवटी तो मराठ्यांनी घेतला. पालीला मासळी आणायला गेलं की तो डोंगर दिसायचा, पण मी कधी मान वर करून पाहिला नव्हता.

ह्यांनी मेणाचे चार सैनिक कोरले. एक मराठा बंदूकवाला, एक भालाईत, एक घोडेस्वार, एक फिरंगी. उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने टेबलावर दाबून धरायचे आणि कोरायचे. चार सैनिकांना सात महिने लागले. मग ते रुमालात गुंडाळून औद्योगिक गाळ्यांतल्या एका इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्यात घेऊन गेले. मी सोबत होते. तिथे रबराच्या साच्यात धातू ओतून कानातले, पेंडंट काढायचे. मालकाने घोडेस्वार उलटसुलट करून पाहिला.

"भाईसाब, इसमें कडी कहाँ लगानी है?"

"कडी नहीं. ये खडा रहेगा."

"तो पहनेंगे कैसे?"

हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. पंधरा दिवसांनी दोन पिशव्या भरून राखाडी सैन्य घरी आलं.

रंगवायचं कोणी, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. "तुझा हात स्थिर आहे," हे म्हणाले. तो होताच. तान्ह्या बाळाची शीर शोधणारा हात होता माझा. सकाळची ड्यूटी संपवून घरी यायचं, आमटी टाकायची आणि खिडकीत उजेड असेपर्यंत बारा सैनिक. आधी कातडीचा रंग, मग अंगरखा, मग पागोटं, शेवटी टूथपिकच्या टोकाने मिशा. हे शेजारी बसून सांगायचे, "कमरेचा शेला लाल. नाही, इतका लाल नाही." माझे पाय सुजलेले असायचे. ते बादलीत गरम पाण्यात सोडून मी मिशा काढत बसायची. हौस म्हणून नव्हे. ह्यांना दिवसभर भिंतीकडे बघत बसलेलं मला बघवत नव्हतं, एवढंच.

जमीन मात्र ह्यांनी स्वतः केली. दिवाणावर प्लायवूड, त्यावर थर्माकोलचा डोंगर, हिरव्या रंगात भिजवलेला लाकडाचा भुसा, काथ्या पिंजून तिवरांची झाडं. मिठागरांच्या जागी चौकोन आखून खरं मीठ चिकटवलं. दिवाण अडला, तेव्हापासून आम्ही दोघं खाली चटईवर झोपायला लागलो.

जवळच्या राई गावचे एक म्हातारे काका त्याच सुमारास घरी आले. पूर्वी मिठागरावर काम केलेले. त्यांच्या सुनेचं बाळंतपण आमच्याकडे फार अवघड झालं होतं, पण दोघं वाचली. म्हणून ते वालाच्या शेंगा घेऊन आले. पाणी पिता पिता त्यांची नजर दिवाणावर गेली. पेला खाली ठेवून ते जवळ गेले आणि बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"ही खाडी का?"

"हो काका," हे म्हणाले.

"मंग ही मानसं हितं उभी न्हाय ऱ्हानार. हितं चिखल हाय. ओहोटीला मानूस कमरेपत आत जातो."

ह्यांनी वही ओढली. "किती वेळ?"

"पानी परत येईपत. आनि ह्या मिठाला पानी सुटंल, सांगून ठेवतो."

पावसाळ्यात मिठाला खरंच पाणी सुटलं आणि प्लायवूड फुगलं. काका दर रविवारी यायला लागले. भरती-ओहोटीचे नियम त्यांनी सांगितले आणि ह्यांनी लिहिले. मला आणखी एक चहा वाढला.

मग तो दिवस आला. प्रसूतिगृहात एक बाई गेली. एकोणीस वर्षांची होती. तिच्या आईला मीच सांगितलं. घरी आले तर खिडकीत पाटावर चोवीस फिरंगी ओळीने मांडून ठेवलेले, निळ्या रंगाची डबी उघडून.

"आज कोट करून टाकू," हे म्हणाले.

"अहो, माझ्याच्याने होत नाही."

"बरं, उद्या कर."

"उद्याही नाही. कधीच नाही. मरायला जाणारी माणसं सजवायला मला नाही जमत आता."

ह्यांनी डबीचं झाकण लावायला घेतलं. तीनदा निसटलं. मी उभी राहून पाहत होते. मदत केली नाही. चौथ्यांदा लागलं.

त्यानंतर तीन आठवडे सैनिकांचा विषय निघाला नाही. काका यायचे, चहा पिऊन जायचे. ह्यांच्या नखांत मला निळा रंग दिसायचा, उशीच्या अभ्र्यावरही एक डाग होता, पण विचारायचं त्राण नव्हतं. एका दुपारी कपाटात बँडेज शोधताना खोका हाताला लागला. चोवीस फिरंगी रंगवून झाले होते. निळा रंग कोटावरून नाकावर गेलेला, टोपीचा लाल खांद्यावर सांडलेला, एकाला तर दोन्ही डोळे एकाच बाजूला. मी ब्रश काढला. पहिला सैनिक उचलला, रंग पुसायला टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला, आणि तशीच मोरीजवळ बसून राहिले. मी ड्यूटीवर गेले की हे मनगट दाबून धरून एकटे बसत असणार. थोड्या वेळाने मी सैनिक होता तिथे ठेवला आणि खोका बंद केला.

रात्री जेवताना एवढंच म्हटलं, "रविवारी माझी सुट्टी आहे. खेळायचं का?"

ह्यांनी ताटातून मान वर केली. "तू खेळशील?"

"मी फूटपट्टी धरीन."

रविवारी लढाई झाली. सुटा सैनिक ह्यांच्या हातून पडायचा, म्हणून सहा-सहा जण प्लायच्या पट्टीवर चिकटवले होते. पट्टी ढकलली की सहाही पुढे जायचे. फासे टाकताना मात्र ह्यांना काही अडचण नव्हती. हात आधीच हलत होता. ते म्हणाले, "या कामाला मी एकदम फिट."

काका फिरंग्यांच्या बाजूने खेळले, कारण दुसरं कोणी नव्हतं. आधी कुरकुरले, "आमी का फिरंगी?" मग लुंगी सावरून बसले आणि असे खेळले की विचारू नका. ओहोटी लागेपर्यंत फौज जागची हलवली नाही. ह्यांची अर्धी फौज ओहोटीला खाडी ओलांडायला निघाली आणि काकांनीच लिहून दिलेल्या नियमाने चिखलात रुतली. डोंगर फिरंग्यांकडेच राहिला.

ह्यांचा चेहरा उतरला. "असं कसं? मराठ्यांनी घेतलाय तो. पुस्तकात आहे."

काका ओशाळले. "माफी असू दे. पन तुमी चिखलात का उतरलात?"

"नकाशात चिखल नव्हता!"

"नकाशात नसंल. खाडीत हाय ना."

मला हसू आवरेना. फूटपट्टी हातात धरून मी भिंतीला टेकले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हे आधी रागावले, मग तेही हसले. काका मात्र जाईपर्यंत अपराध्यासारखे बसून होते. आपली चहाची कपबशीसुद्धा त्यांनी स्वतः विसळून ठेवली.

पुढे साडेतीन वर्षं ते दोघं खेळले. कधी डोंगर मराठ्यांकडे आला, कधी नाही आला. मी बहुतेक रविवारी चटईवर पडून असायची. फाशांचा आवाज आणि "न्हाय, न्हाय, पानी चढलं आता" असं काकांचं बोलणं ऐकत मला झोप लागायची. मग ह्यांना बसणं जमेना, तेव्हा डोंगर उतरवून ह्यांना दिवाणावर निजवलं. काका तरी येत राहिले. दिवाणाशेजारी स्टुलावर बसायचे, राईत कुठल्या शेतावर बिल्डिंग आली ते सांगायचे. हे फक्त ऐकायचे.

हे गेल्यावर सैन्य दोन वर्षं कपाटात होतं. दिवाळीत सोसायटीतली पोरं किल्ल्यावर मांडायला चित्रं मागायला आली तेव्हा मी दोन्ही खोके देऊन टाकले. संध्याकाळी खाली उतरले तर मातीच्या किल्ल्याच्या दरवाजावर निळे फिरंगी पहारा देत उभे होते. मराठे आत विहिरीपाशी. 

खरं सांगायचं तर तो खेळ मला कधी आवडला नाही. नियम आजही नीट सांगता येणार नाहीत. निवृत्त झाल्यावर एकदा पालीला गेले होते. रिक्षावाल्याला थांबायला सांगून डोंगर पाहिला. वाटला होता त्यापेक्षा बुटका निघाला. चढून बघावं असं मनात आलं, पण गुडघे दुखत होते. मी पापलेट घेतलं आणि घरी आले.