तीन फिन की चार? बोर्ड टपावर बांधून सीवूड्स ते मुल्की

सर्फिंगचा बोर्ड तयार होऊन तीन आठवडे झाले होते. नऊ फूट चार इंच लांब, मोठ्या लाटांसाठीचा, सीवूड्सच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर थर्माकोलच्या ठोकळ्यातून मी स्वतः घासून काढलेला. राहिल्या होत्या फक्त फिन, म्हणजे तळाला शेपटीजवळ बसणारे पंख. तीन लावायच्या की चार, आणि नेमक्या कुठे? एकदा खाचा पाडल्या की बुजवून सरकवता येतात, पण तळ कमजोर होतो. इंटरनेटवर चाळीस जणांना विचारलं, पन्नास उत्तरं आली. शेवटी बेलापूरच्या ऑफिसात आठवड्याची रजा टाकली. कर्नाटकात मुल्कीला अण्णा म्हणून एका जुन्या कारागिराची बोर्ड दुरुस्तीची शेड आहे आणि सप्टेंबरअखेर तिथे लाटांचा जोर अजून टिकून असतो.

माझ्या नवऱ्याला, नितीनला, रजा मिळाली नाही. सोबत आले करावे गावचे धर्माकाका. उभा जन्म खाडीत मासेमारी केलेला माणूस. बोर्डासाठी रंधा कसा धरायचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

पहाटे पाचला निघालो. टपावर बोर्ड बांधणार असाल तर रुंद पट्टे घ्या, नायलॉनची दोरी कडा कापते. पनवेल सोडल्यावर रस्ता बराच सुधारलाय, पण लांज्याच्या आसपास अजून हाडं खिळखिळी होतात. कणकवलीला मुक्काम केला. बांगड्याची थाळी दोनशे वीस, वर सोलकढी मागाल तितकी. काकांनी चार वाट्या मागितल्या.

दुसऱ्या दिवशी मरवंथेला गाडी थांबवाच. हायवेच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदी. काका बराच वेळ नदीकडेच बघत राहिले. संध्याकाळी मुल्की गाठलं.

अण्णांनी बोर्डावरून हात फिरवला, कडा दाबून पाहिल्या आणि हिंदीत एवढंच म्हणाले की, मेहनत दिसतेय. मग वाद सुरू झाला. त्यांचं मत चारच्या बाजूने: मधली फिन नसली की पाणी अडत नाही, बोर्ड सुसाट पळतो, मोठ्या लाटेपुढून निसटायला तोच वेग कामाला येतो. मी तीनकडे झुकले होते, पण का, ते मला सांगता येईना.

काका बाजूच्या पिंपावर बसून ऐकत होते. म्हणाले, "बाय, तू सगल्यांना इचारलंस. पन तुला भ्या कुठं वाटतं, ते कुनाला सांगलंस?"

मग मी सांगितलं. गेल्या वर्षी याच किनाऱ्यावर, लाटेच्या भिंतीवरून खाली उतरताना जुन्या बोर्डाची शेपटी बाजूला घसरली होती. पडले, आणि वर येईपर्यंत छातीतली हवा संपली होती. खांदा निखळला. घरी मी जिन्यावरून पडल्याचं सांगितलं होतं. नितीनला अजून तेच खरं वाटत होतं.

अण्णा उठले. आतून एक जुना बोर्ड आणला, पाच खाचांचा. त्यावर तीन लावा नाहीतर चार. सकाळी दोन्ही करून बघ, म्हणाले.

सकाळी लाटा माझ्या उंचीच्या दीडपट होत्या. चार फिनवर खरंच वेग मिळाला, पण उतरणीच्या तळाशी वळताना शेपटी क्षणभर सैल वाटली, गेल्या वर्षीसारखी. तीनवर वेग थोडा कमी होता, पण पायांना कळत होतं, बोर्ड ऐकतोय. किनाऱ्यावर आले तेव्हा उत्तर ठरलेलं होतं. अण्णांनीही मान डोलावली.

मग जागा. घरून मी मागच्या फिनची खूण शेपटीपासून साडेपाच इंचांवर केली होती आणि पुढच्या दोघींची चौदावर, बोर्ड चटकन वळावा म्हणून. आता सगळ्या मागे घेतल्या: मागची चारवर, पुढच्या साडेबारावर, त्यांची पुढची टोकं किंचित आत वळवून. फिन मागे गेल्या की बोर्ड वळायला जड होतो, पण पाणी घट्ट धरून ठेवतो. चपळाई मला नको होती. खाचा मीच पाडल्या. फिन चिकटवलेलं रेझिन वाळायला अख्खा दिवस दिला, तेवढ्यात नीर डोसा आणि माशाच्या गस्सीवर, म्हणजे तिथल्या नारळाच्या रश्श्यावर, ताव मारला.

पाचव्या सकाळी माझा बोर्ड पाण्यात. पहिली लाट मी सोडून दिली. दुसरी घेतली. उतरण गेल्या वर्षीइतकीच उभी होती. शेपटी हलली नाही. तळाशी वळण घेतलं, जरा रुंदच, आणि लाट फुटून संपेपर्यंत उभी राहिले. त्या सकाळी आणखी सहा घेतल्या. काका तिथल्या एका कोळ्याच्या होडीतून बघत होते. परतल्यावर फक्त "धरतंय" म्हणाले.

घरी पोचले त्या संध्याकाळी जेवताना नितीनला जिन्याची खरी गोष्ट सांगितली. तो चिडला, लाटेवर नाही, मी खोटं बोलले यावर. दोन दिवस कामापुरतंच बोलला. त्याचं बरोबर होतं, म्हणून मी समजूत घालत बसले नाही.

तिसऱ्या दिवशी ऑफिसहून आले तर तो हॉलमध्ये बोर्डापाशी उकिडवा बसला होता.

"ही मागची सुटणार नाही ना?"

"नाही."

त्याने ती दोन्ही हातांनी धरून जोर लावून हलवून पाहिली. मग बाकीच्या दोन्हीही.