जनसुनवाईतलं स्टूल

शाहपूरच्या इंदूकाकी मंगळवारी बुऱ्हाणपूरला कलेक्टर कचेरीतल्या, लोकांच्या तक्रारी ऐकायच्या जनसुनवाईला निघाल्या की घरचं लाकडी स्टूल सोबत घ्यायच्या. बसमध्ये ते मांडीवर, रिक्षात पायाशी. "तिथं उभं ठेवतात," त्या म्हणायच्या. "उभा माणूस दमतो, दमलेला माणूस घरी जातो. त्यांना तेच पाहिजे."

काकी आमच्या शेजारच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर केळीचं शेत स्वतः बघायच्या. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग निघाला तेव्हा इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी गाठीच्या तुकड्याची बायोमार्कर तपासणी करा, कोणतं औषध लागू पडेल ते तिच्यातून कळेल. सरकारी आरोग्य कार्डावर भरती होती, केमो होती, गोळ्याही होत्या. ही तपासणी तेवढी नव्हती. म्हणजे औषध सरकार देणार, पण ते या माणसाला चालेल का, हे बघणार नाही. मला अजून संताप येतो. काकींनी संतापात वेळ घालवला नाही, स्टूल उचललं.

पहिल्या मंगळवारी मी सोबत होते; गावातल्या अशा प्रश्नांवर मी पत्रकं काढायचे. साहेबांच्या टेबलासमोर स्टूल मांडून त्या बसल्या. "साहब, केले में खाद डालने से पहले आपके ही लोग बोलते हैं, मिट्टी जाँच करा लो. मेरी गाँठ क्या खेत से भी गई-गुजरी है?"

साहेबांना हसू आलं. "काकीजी, यह ऊपर से तय होता है."

"तो ऊपर लिखो. मैं बैठी हूँ."

मंगळवार जात राहिले आणि काकींना बोलता बोलता धाप लागू लागली. शेवटी काकींचा धाकटा भाऊ म्हणाला, माझी केळी विकून तपासणीचे पैसे मी भरतो. मला वाटलं, काकी तत्त्वासाठी नाही म्हणतील. तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मलाच झापलं. "पोरी, मला काय मरायची हौस आहे? तुझ्या पत्रकात छापायला हुतात्मा पाहिजे असेल तर दुसरी शोध."

तपासणीतून नेमकी गोळी कळली. ती कार्डावर आधीपासूनच मिळत होती. धाप कमी झाली, आणि मंगळवार आता संपले असं सगळे धरून चालले. पुढच्या मंगळवारी सकाळी काकी आमच्या दारात उभ्या. हातात स्टूल.

साहेबही चकित झाले. "अब तो आपका हो गया ना, काकीजी?"

"मेरा हो गया, इसीलिए तो बोलने का दम आया. जिसके भाई के पास केले नहीं, वो क्या करे?"

साहेब या वेळी हसले नाहीत. तपासणी कार्डावर घ्यावी, असा प्रस्ताव जिल्ह्यातून भोपाळला गेला तो त्यानंतर. मग इतर पेशंट बायाही येऊ लागल्या. काकी त्यांना स्टूलावर बसवायच्या आणि स्वतः मागे उभ्या राहायच्या. "मी उभी राहू शकते, हे यांना दिसू दे," म्हणायच्या.

गोळीने काकींना बराच काळ दिला. मग तीही चालेनाशी झाली आणि काकी गेल्या.

तपासणी अजून कार्डावर आलेली नाही. मंगळवारी स्टूल मी नेते. मला बघितलं की शिपाई न सांगता पुढच्या रांगेतली अधिकाऱ्यांची एक खुर्ची सरकवून स्टूलाएवढी जागा करतो. स्टूलावर मी बसत नाही. त्या दिवशी आलेली पेशंट बसते, आणि मी मागे उभी राहते.