डाळिंब्यांसाठी पिशवी शोधताना

आधी माफी मागतो. आठवणी लिहाव्यात असं माझ्या आयुष्यात फारसं काही घडलेलं नाही, आणि जे सांगायचं आहे ते प्लॅस्टिकच्या पिशवीबद्दल आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा डोंबिवलीत रिक्षा चालवतात. आई चार घरी पोळ्या करायची. घरात आजवर लिहिले गेले ते फॉर्म, आणि तेही मीच भरले. त्यामुळे कोऱ्या पानावर काय लिहायचं असतं याची मला खात्री नाही. चुकलो तर सांभाळून घ्या.

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करतोय. दुसऱ्या वर्षी आम्हाला एखाद्या छोट्या उद्योगात जाऊन तीन आठवडे प्रोजेक्ट करायचा होता. मी डोंबिवली एमआयडीसीतलं एक फिल्मचं गोदाम निवडलं, कारण ते घरापासून चालत जाण्यासारखं होतं. फिल्म म्हणजे सिनेमा नव्हे. पॅकिंगच्या प्लॅस्टिकचे मोठमोठे रोल. हे मला माझ्या बाबांनाही दोनदा समजवावं लागलं.

गोदाम पन्नाशीच्या एक बाई सांभाळत. सगळे त्यांना काकू म्हणत. काकूंना फिल्म ओळखायला मशीन लागत नसे. तुकडा कानाजवळ धरून चुरगाळायच्या आणि सांगायच्या. कडकड वाजली तर पीपी, शर्टाच्या पाकिटाची. कागदासारखी सळसळली तर एचएम, बाजारातल्या हातपिशवीची. वाजलीच नाही, नुसती मऊ मिटली तर एलडी, दुधाच्या पिशवीसारखी. मी वहीत सगळ्यांचे गुणधर्म लिहून घेत असे, तेव्हा त्या माझ्याकडे बघून हसायच्या.

"प्रोफेसर, वहीत वास येतो का रे?"

"नाही."

"मग हे घे, जाळून बघ. एलडी विझवल्यावर मेणबत्तीसारखा वास येतो. लिही आता."

गिऱ्हाईक आलं की त्या आधी फिल्मचं नावच काढत नसत. वस्तू काय आहे, ती कशाने बिघडते, कुठे ठेवणार, किती दिवस ठेवणार, एवढं विचारायच्या. वेफर्सवाल्याला आतून चंदेरी फिल्म द्यायच्या, कारण उजेडाने आणि हवेने तेल खवट होतं. नटबोल्टवाल्याला जाड एलडी, कारण टोकं पिशवी फाडतात आणि दमट हवेने गंज चढतो. बाटल्यांचे बारा-बारा नग एकत्र बांधायला गरम हवेने आवळणारी श्रिंक फिल्म. एकदा एक जण चकचकीत हवी म्हणून हटून बसला, तर म्हणाल्या, "भाऊ, लग्नाला जायचंय की माल पाठवायचाय?"

हे सगळं मी रोज डोळ्यांनी बघत होतो. तरी घरी मी गाढवपणा केलाच.

झालं असं. आईचं माहेर रोह्याकडचं. तिच्या हातचं वालाचं बिरडं चाळीत प्रसिद्ध आहे. वाल भिजवायचे, फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. सोललेल्या त्या डाळिंब्या. सोलायला फार वेळ लागतो, म्हणून नोकरी करणाऱ्या बायका त्या तयार घेतात. ठाण्यात वर्तकनगरला बाबांच्या ओळखीचा एक भाजीवाला आहे, काचेचा फ्रीज ठेवणारा. तो म्हणाला, श्रावणात डाळिंब्यांना मागणी असते, पॅक करून द्या, ठेवून बघतो.

आईसाठी ही गोष्ट किती मोठी होती ते मला आधी कळलं नव्हतं. ज्या चार घरी ती जायची त्यांतलं एक चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिचे गुडघे दुखायचे. पण ती गुडघ्यांबद्दल बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आपल्या घरात बसून आपलं काम करायचं, हे मला एकदा करून बघायचंय." हे चाललं असतं तर ती पोळ्यांची घरं सोडणार होती. नाही चाललं, तर तिची ती चार घरं होतीच.

पिशवी निवडायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. घरात शिकलेला मी. मी वही काढली, त्यात सर्वांत वरच्या दर्जाची फिल्म शोधली आणि कल्याणच्या बाजारातून तयार पाकिटं आणली. पाच थरांची, जाड, काचेसारखी स्वच्छ. काकूंना विचारावं असं एकदा मनात आलं, पण घरचं काम त्यांच्याकडे कसं न्यायचं असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतः निवडायची होती.

"ही बघ आई. यातून हवा आत जात नाही, बाहेर येत नाही."

आईने पाकीट बोटांत दाबून पाहिलं. "अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"बरं," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी आम्ही बारा पाकिटं भरली, सीलिंग मशीनने बंद केली, आणि बाबा ती रिक्षातून वर्तकनगरला घेऊन गेले. दिसायला इतकी सुंदर होती की शेजारच्या काकी बघायला आल्या होत्या.

शनिवारी दुपारी भाजीवाल्याचा फोन आला.

"अरे, काय भरून दिलंयस? पाकिटं फुगलीत सगळी. उशा झाल्यात उशा!"

"फुगली म्हणजे?"

"म्हणजे फुगली. एका बाईंनी घरी नेऊन उघडलं तर आंबूस वास. माझ्या दुकानात येऊन सगळ्यांसमोर बोलल्या मला."

मी दहा वेळा सॉरी म्हणालो. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "तुझ्या बाबांकडे बघून अजून एकदा ठेवतो. पुढच्या शुक्रवारी. परत असं झालं तर मात्र हात जोडले."

बाबा उरलेली पाकिटं परत घेऊन आले. खरंच उशा होत्या. बाबांनी एक डोक्याखाली ठेवून बघितली आणि म्हणाले, "झोप मस्त लागेल, पण बिरडं नाही व्हायचं." मला हसू आलं नाही. आईला आलं. मग ती उठली आणि सगळ्या डाळिंब्या एकेका पाकिटातून काढून टाकल्या. दोन दिवस सोललेल्या. तिच्या अंगठ्याचं नख अजून काळपट होतं.

सोमवारी मी एक फुगलेलं पाकीट घेऊन गोदामात गेलो. काकूंनी ते हातात घेतलं, वाजवलं, आणि आधी पोटभर हसून घेतलं.

"ही फिल्म मटणाला वापरतात रे. व्हॅक्यूम करून. यात तू काय कोंबलंस?"

"मोड आलेले वाल."

"मोड आलेले. म्हणजे मेलेत की जिवंत आहेत?"

त्यांनी ते पाकीट माझ्या तोंडासमोर धरलं.

"तुझ्या तोंडावर अशी पिशवी बांधली तर किती वेळ बसशील? बोल ना, प्रोफेसर!"

मोड आलेलं कडधान्य श्वास घेतं, हे मी अकरावीत शिकलो होतो. परीक्षेत त्याचं उत्तरही बरोबर लिहिलं होतं. पण वर्गातला वाल आणि आईच्या परातीतला वाल हा एकच, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी सगळ्यांत चांगली फिल्म शोधत होतो. वालाला काय हवंय हे मी विचारलंच नव्हतं.

काकूंनी मला एलडीचे, पीपीचे तुकडे दिले, जाडीच्या सरकारी नियमात बसेल इतकेच पातळ, आणि एक सोय सुचवली: "भोकं पाड. पण किती पाडायची ते मी नाही सांगणार. कमी पडली तर घाम धरेल, जास्त पडली तर सुकतील. घरी जाऊन बघ."

त्या आठवड्यात आमचा फ्रीज प्रयोगशाळा झाला होता. दूध बाहेर, वाल आत. प्रत्येक पिशवीवर मी चिठ्ठी लावली: भोकं नाहीत, दोन, सहा, वीस. बाबा फ्रीज उघडून विचारायचे, "यातलं प्यायचं कुठलं?" मी दर चार-पाच तासांनी वास घेत होतो. भोकं नसलेल्या पातळ पिशवीत आतून पाणी साचलं. वीस भोकांच्या पिशवीत डाळिंब्यांची टोकं तपकिरी होऊन सुकली. दोन भोकांची ठीक होती, पण दुसऱ्या दिवशी किंचित वास आला. पीपीला सहा भोकं पाडली तर ती भोकापासून उभी चिरत गेली. एलडीला सहा पाडली ती मात्र दोन दिवस जशीच्या तशी राहिली.

मी जेवताना हे सगळं आईला उत्साहाने सांगत होतो. हवा थोडी आत यायला हवी, ओल थोडी राहायला हवी, वगैरे. ती भात कालवत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे फडक्यासारखं."

"काय फडक्यासारखं?"

"फडक्यात वाल कधी आंबत नाही. ओलं फडकं, त्यातून वारा लागतो. स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवला की दुसऱ्या दिवशी वास. लहानपणापासून बघतेय."

मी घास ताटात ठेवला. "मग त्या दिवशी का नाही बोललीस? मी पाकीट दाखवलं तेव्हा?"

"तू म्हणालास हवा अजिबात जात नाही. मला वाटलंच होतं, वाल कोंडेल. पण तू कॉलेजात शिकतोस. म्हटलं, असेल त्यात काहीतरी."

बाबा हसायला लागले. "रिक्षाच्या बाबतीत माझंही असंच होतं. हा बोलतो आणि मी गप्प." तिचं ते 'बरं' मी होकार समजलो होतो. माझ्या शिक्षणावर तिचा इतका विश्वास होता की स्वतःला माहीत असलेलं तिने बाजूला ठेवलं. मला याचं काय वाटलं ते मला अजून नीट लिहिता येत नाही. अभिमानही वाटला आणि लाजही.

त्यानंतर मी काहीही करताना तिला आधी विचारायला लागलो. तिने दोन गोष्टी सांगितल्या, ज्या माझ्या वहीत नव्हत्या. सोलल्यावर डाळिंब्या ओल्या भरायच्या नाहीत, सुती कापडावर पसरून वरचं पाणी जाऊ द्यायचं. आणि पिशवी ठासून भरायची नाही. काकूंनी अजून एक भर घातली: आतून बाष्प न धरणारी एलडी मिळते, तिच्यात माल नीट दिसतो. तिला सहा-सहा भोकं पाडून मोजून बारा पाकिटं आम्ही शुक्रवारी दिली. बाबांनी भाजीवाल्याला बजावलं, खालच्या कप्प्यात ठेव, एकावर एक रचू नकोस.

शनिवारी फोन आला नाही. मी दोनदा लावला, त्याने उचलला नाही. आई म्हणाली, "फुगली असती तर त्याने लगेच केला असता." मग तासाभराने तीच म्हणाली, "की रागाने करत नसेल?" रविवारी दुपारपर्यंत काही नाही. आईने पुढच्या खेपेचे वाल भिजवायचे की नाही हे ठरेना. पातेल्यात काढले, परत डब्यात ओतले, परत काढले.

शेवटी बाबाच भाडं घेऊन त्या बाजूला गेले आणि चारच्या सुमारास त्यांचा फोन आला. मागून हॉर्न वाजत होते. मी स्पीकरवर टाकला.

"अगं, ऐकतेस का? पाकिटं कालच संपली. हा काल दुपारीच दुकानात फोन विसरून गावी गेला होता, आता आलाय. त्या बोलणाऱ्या बाईंनीच दोन नेली म्हणे. आणि तो विचारतोय, येत्या शुक्रवारी तीस जमतील का?"