तीन सूर खाली

मागच्या मंगळवारी नंदनवनच्या आमच्या रिहर्सलच्या खोलीत माझं गाणं बंद होणार होतं. ठरलंच होतं तसं, मला फक्त सांगायचं बाकी होतं...

मी तीस वर्षं नागपुरात ऑर्केस्ट्रात जुनी गाणी गाते. काटोल, पारशिवनी, उमरेड, कुठलं गाव सोडलं नाही. विणकरांच्या घरातली पोर स्टेजवर उभी राहते म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हाही मी गातच होते. आता वय चोपन्न.

आमचे आयोजक विलासभाऊ आधी चहा पाजून गोड बोलले. "ताई, आता वरचे सूर लागून नाही राहिले तुमचे. गाणी त्या नव्या पोरीले देऊ, तुम्ही निवेदन करा. साडी छान नेसता तुम्ही." पोरगी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते, गोड गाते, तिच्याशी माझं काही वाकडं नाही. पण 'साडी छान नेसता' ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

वरचे सूर पूर्वीसारखे लागत नाहीत हे खरं आहे, मी कुठे नाकारते... पन्नाशीनंतर बाईचा आवाज जरा खाली उतरतो. उपाय सोपा आहे, पट्टी खाली घ्यायची. म्हणजे तेच गाणं थोड्या खालच्या सुरापासून सुरू करायचं. कीबोर्डवर त्याचं बटण असतं, तीनदा दाबलं की झालं.

मी तेच म्हटलं. तर म्हणे, नाही, पब्लिकला ओरिजिनल स्केलच लागते, लेडीज आवाज उंचच पाहिजे.

आता ऐका. आमचे पुरुष गायक शिरीषभाऊ, त्यांची सगळी गाणी गेली सहा वर्षं तीन सूर खाली वाजतात. कीबोर्डवाला प्रमोद गपचूप बटण दाबतो आणि कोणी चकार शब्द काढत नाही. त्यांचा आवाज म्हणे मुरला, आणि आमचा गेला...

त्या दिवशी रिहर्सलला नुसता कीबोर्ड आणि ढोलक होता. शिरीषभाऊंचं गाणं संपलं, तसं विलासभाऊ उपकार केल्यासारखे म्हणाले, एक शेवटचं म्हणून घ्या ताई. मी मुखडा उचलला आणि दुसऱ्याच ओळीला कळलं... प्रमोद बटण परत वर न्यायला विसरला होता. त्याच्याही ते लक्षात आलं, तो पांढराफटक पडला. मी डोळ्यांनीच दटावलं, हात लावू नको.

अंतऱ्यातली वरची जागा इतकी मोकळी लागली, की मलाच भरून आलं. दोन वर्षं मी त्या जागेला घाबरत होते हो.

विलासभाऊंनी टाळ्या वाजवल्या. "हे पाहा, हेच म्हणून राहिलो होतो मी. ओरिजिनल ते ओरिजिनल."

मी म्हटलं, "प्रमोद, सांग गा भाऊले, कोणती पट्टी होती." त्याने मान खाली घालून सांगितलं. शिरीषभाऊ तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागले.

विलासभाऊंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मग सावरून म्हणाले, "ठीक आहे, गा. पण हे कोणाले सांगू नका."

काहून नाही सांगायचं? चोरी केली का मी?

रविवारी दुपारी महिला मंडळाचा कार्यक्रम होता, हॉल भरलेला. मी माइकवर सरळ सांगून टाकलं... हे गाणं मी तिशीत उंच पट्टीत गायचे, आज चोपन्नाव्या वर्षी तीन सूर खाली गाते, ज्यांना चालणार नाही त्यांनी तोवर चहा घेऊन यावा. विंगेत विलासभाऊंनी कपाळाला हात लावला. उठलं मात्र कोणीच नाही.

मुखडा झाला आणि समोरून आवाज यायला लागला... आधी पहिल्या रांगेतून, मग पार मागून. बायका गात होत्या. अंतराही सोडला नाही त्यांनी, वरची जागासुद्धा घेतली. इतकी वर्षं मला वाटायचं त्यांना फक्त ऐकायला आवडतं. मी जिथून गात होते तिथे त्यांचा गळा पोहोचतच नव्हता, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर साठीच्या एक काकू आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "मले हे गाणं लग्नाच्या आधीपासून आवडते वं. पण गळ्यात बसतच नव्हतं. आज पयल्यांदा पुरं म्हटलं मी."

मी तिथेच रडले, लपवून काय करू... त्या काकूंचं नावही विचारायचं राहिलं. त्या हे वाचत असतील तर त्यांचे मनापासून आभार.

निवेदनाला दुसरं कोणी बघा, असं विलासभाऊंना कळवलंय. मी गाणार आहे... आणि प्रमोदने यापुढे ते बटण सगळ्यांच्या देखत दाबायचं, माझ्यासाठीही आणि शिरीषभाऊंसाठीही.