कोणाचा हात

चाचणीच्या खोलीत फोन न्यायला आमच्याकडे बंदी आहे. उंदरांची चाचणी चालू असताना नुसती खुर्ची सरकली तरी ते दचकतात. त्यामुळे त्या मंगळवारी बाराच्या सुमारास मी बाहेर आले तेव्हा फोनवर सेलिनाचे सात मिस्ड कॉल होते. सेलिना ही आमच्याकडे उंदीर सांभाळणाऱ्या पास्कलमामांची मुलगी. मामा ताप आल्यामुळे आदल्या दिवसापासून रजेवर होते. मी फोन लावला तर ती म्हणाली, "डॅडी गेले. सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या..." पुढे मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवून मी परत आत गेले आणि राहिलेल्या चार उंदरांची चाचणी पूर्ण केली, एवढं मात्र आठवतं. काम अर्धं टाकलं की जनावराचे हाल फुकट जातात, असं मामाच सांगायचे. रडायला मी नंतर बसले, वजनकाट्याच्या शेजारच्या त्यांच्या स्टुलावर.

मी अंधेरीच्या एका संस्थेत पीएचडी करते. विषय मेंदू आणि वागणूक. म्हणजे लहानपणी जिवाला जे भोगावं लागतं त्याचा पुढे त्याच्या भित्रेपणावर, धिटाईवर काय परिणाम होतो, आणि तेव्हा मेंदूत काय बदलतं, हे उंदरांवर बघायचं. दहिसरच्या आमच्या चाळीत हे सांगणं सोपं नव्हतं. आई म्हणायची, घरात आम्ही उंदरांना औषध घालतो आणि ही बया त्यांना मांडीवर घेण्यासाठी स्कॉलरशिप मिळवते. एम.एस्सी.ला मी पहिली आले होते, मेंदूच्या प्रत्येक कप्प्याचं नाव पाठ होतं, आणि जिवंत उंदीर आयुष्यात एकदाही हातात धरला नव्हता. पहिल्याच दिवशी मी पिंजऱ्यात वरून हात घातला आणि अंगठ्याला कडकडून चावून घेतलं.

अॅनिमल हाउसचं, म्हणजे उंदीर ठेवतात त्या जागेचं, सगळं पास्कलमामा बघत. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणंपाणी. मनोरीचे, सव्वीस वर्षं रोज मार्वेला फेरीबोटीने येऊन पुढे अंधेरी गाठणारे. माझ्या अंगठ्याला पट्टी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "बाय, वरून कोण येतं? घार येते. तू घारीसारखी आलीस, तो काय करील?" मग त्यांनी दाखवलं. हात पिंजऱ्याच्या तळाशी न्यायचा, तळवा वर करून ठेवायचा आणि थांबायचं. बोटं हलवायची नाहीत, बोलवायचं नाही. किती वेळ, असं मी घड्याळाकडे बघत विचारलं. "तो येईल तवर," मामा म्हणाले. त्या दिवशी तो अर्ध्या तासाने आला. माझा हात बधिर झाला होता आणि मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

मामांकडून शिकलेल्या गोष्टी कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. डोक्याला तेल लावून यायचं नाही. वासाचा साबण नको, गजरा तर नकोच. ते स्वतः याच्याही पुढे गेले होते. कोळीवाड्याच्या शेजारी वाढलेला माणूस, पण सोमवार ते शनिवार त्यांच्या घरी सुकट भाजली जात नसे, कारण कपड्यांना वास राहतो आणि उंदीर अस्वस्थ होतात. त्यांच्या बायकोला, मोनिकामावशींना, याचा भारी राग. सवत परवडली पण उंदीर नको, असं त्या आम्हाला ऐकवायच्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते. माझ्या प्रयोगात उंदरांच्या पिल्लांच्या दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीतल्या पिल्लांना रोज पंधरा मिनिटं हातात घ्यायचं. दुसऱ्या ओळीतल्यांना कुणीही हात लावायचा नाही. मोठी झाल्यावर सगळ्यांना एका उघड्या पेटीत सोडायचं आणि मधोमध यायला कोण धजतं, कोण कडेकडेने पळतं, ते मोजायचं. हातात वाढलेली धीट निघतील असा अंदाज. वर्षभर मी मोजत होते आणि दोन्ही ओळी सारख्याच धीट निघत होत्या. सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, विषय बदलायचा का असं सौम्यपणे विचारून पाहिलं. माझी झोप उडाली. मीच कुठेतरी चुकतेय असं वाटून मी आकडे पुन्हा पुन्हा तपासायची.

एका शनिवारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. मामा पिंजरे साफ करत होते आणि दुसऱ्या ओळीतलं एक पिल्लू त्यांच्या मनगटावर निवांत बसलं होतं. दुसरं कोपरापाशी. ते एकेकाला उचलून, पाठीवरून अंगठा फिरवून धुतलेल्या पिंजऱ्यात ठेवत होते. मी विचारलं, हे कधीपासून चाललंय? ते सहज म्हणाले, रोजच की. मी नको ते सगळं बोलले. तुमच्यामुळे माझं वर्ष मातीत गेलं, म्हणाले. शिकलेल्या माणसाने अशी चूक केली नसती, हेही म्हणाले. या वाक्याची मला आज लिहितानाही लाज वाटते.

मामांनी हातातलं पिल्लू आधी नीट पिंजऱ्यात ठेवलं. मग म्हणाले, "तू बोललीस, कुणीही हात लावायचा नाय. मना वाटलं, ते तुम्हा लोकांसाठी हाय. मी कुठे त्यात?"

त्या दिवशी मला हा बहाणा वाटला. सोमवारपासून ते पिंजरे साफ करताना जाडे हातमोजे घालू लागले आणि पिल्लांना लहान डब्यात सरकवून हलवू लागले. मला 'बाय'ऐवजी 'मॅडम' म्हणू लागले. तीन आठवडे असे गेले. मग संस्थेच्या वार्षिक दिवशी ग्रुप फोटो निघाला. सगळ्यांनी या, सगळ्यांनी या, असा पुकारा झाला. झाडूवाल्या मावशी आल्या, कँटीनवाले आले. मामा पायरीवर आमच्या पर्सा सांभाळत बसून राहिले. मी हाक मारली, तर त्यांनी मागे वळून बघितलं, मी कुणाला बोलावतेय ते. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सव्वीस वर्षांत इथून कितीतरी प्रबंध बाहेर पडले. प्रत्येकातला प्रत्येक उंदीर या माणसाच्या हाताखालून गेला होता आणि एकाही पानावर त्याचा उल्लेख नव्हता. 'कुणीही'मध्ये आपण येतो, हे त्यांना कळावं तरी कसं? आणि आपण वर्षभर काय शोधतोय, हे मी तरी त्यांना एकदा बसून सांगितलं होतं का?

दुसऱ्या दिवशी मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि दुपारभर मराठीत माझा सगळा प्रयोग समजावला. माफी मागायचीही ठरवलं होतं, पण ती काही तोंडातून निघाली नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मग दुसऱ्या लायनीतल्या पोरांना हात कधी?"

चाचणीनंतर मेंदू तपासायचा असतो आणि त्यासाठी उंदीर जिवंत ठेवता येत नाही. हे मला आवडत नाही, मामांना तर कधीच आवडलं नाही. म्हणजे दुसऱ्या ओळीतले उंदीर एकदाही हात न लागता येऊन जायचे. मी सरांशी बोलले. शेवटच्या दिवशी दोन्ही ओळींना सारख्याच वेळेला, सारखाच हात मिळाला तर तुलनेला बाध येत नाही, हे त्यांनाही पटलं. नवी तुकडी सुरू करताना मी वहीत एक नवा रकाना आखला, 'कोणाचा हात'. आणि शेवटचा दिवस मामांनी मागून घेतला. त्या रकान्यात ते नाव लिहीत नसत, नुसतं 'मी' लिहीत, ठसठशीत. सर वैतागून म्हणायचे, मी म्हणजे कोण, नाव लिहा. मामा मान डोलवायचे आणि पुन्हा 'मी' लिहायचे. 'मॅडम' मात्र सुटलं. मी पुन्हा बाय झाले.

यावेळी दोन्ही ओळींत फरक दिसू लागला. प्रबंधाच्या एका प्रकरणात मी त्यांचं पूर्ण नाव आणि त्यांच्या हाताने काय घडलं ते लिहिलं. ते पान त्यांना वाचून दाखवायचं होतं, त्यातच माफीही उरकायची होती. छापून येऊ दे, मग नाताळात मनोरीला जाऊन दाखवू, असं करत करत... राहिलं.

अंत्यविधीला मी गेले तेव्हा गर्दी होती, म्हणून गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. मामांची खुर्ची ओट्यावरच आहे. ते पान मी मोनिकामावशींना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, नावावरून बोट फिरवलं. घरात सुकटीचा वास दरवळत होता आणि तो बुधवार होता. "आता रोज भाजते," त्या म्हणाल्या. "पण खाववत नाय गं."

ज्या आठवड्यात मामा गेले त्याच आठवड्याच्या शुक्रवारी शेवटच्या तुकडीचा शेवटचा दिवस होता. काम माझ्यावरच येणार होतं. मी वही उघडली तर शुक्रवारच्या ओळीत, 'कोणाचा हात' या रकान्यात, आधीच 'मी' लिहिलेलं होतं. रजेवर जाण्यापूर्वी लिहून ठेवलेलं असणार, दुसऱ्या कुणी तो दिवस घेऊ नये म्हणून. वहीत खोटी नोंद ठेवायची नाही, हा पहिला नियम आहे. मी पेन उचललं, पण ते खोडलं नाही. त्याच्याखाली माझं नाव लिहिलं आणि सरांना जाऊन तसं सांगितलं. ते म्हणाले, राहू दे.

मग मी पहिली ओळ संपवून दुसरीकडे आले. शेवटच्या पिंजऱ्यातला उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. त्याला माणसाचा हात ठाऊकच नव्हता. मी हात तळाशी नेला, तळवा वर केला आणि थांबले. या वर्षी नवीन आलेली मुलगी माझ्याशेजारी उभी होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "ताई, किती वेळ?"

"तो येईल तवर," मी म्हणाले.