थंडीतल्या मंगळवारी वॉटर पार्कला

नाशिकमध्ये डिसेंबरात वॉटर पार्कला जाऊ नये, हे कुणालाही कळतं. आम्ही गेलो, कारण माझा मेहुणा संजय याचा फोन आला. काही वर्षांपूर्वी त्यानं दिंडोरी रस्त्याच्या आतल्या बाजूला, स्वतःची द्राक्षबाग काढून एक वॉटर पार्क उभा केला होता. आता मुंबईचे एक गृहस्थ तो विकत घेण्यासाठी मंगळवारी बघायला येणार होते. रिकामा पार्क कोण घेईल? तेव्हा दाजींनी रजा टाकावी आणि माणसं घेऊन यावं, असं त्याचं म्हणणं होतं. पाण्यात उतरावंच लागेल का, असं मी विचारलं.

"काठावर उभी माणसं गिऱ्हाईक वाटत नाहीत, दाजी," तो म्हणाला.

इंदिरानगरहून सकाळी निघालो. मी, बायको मीनल आणि तिच्या सुमनमावशी. मावशी नाशिक रोडहून आदल्या दिवशीच मुक्कामाला आल्या होत्या. द्वारका, पंचवटी करत म्हसरूळ गाठलं. म्हसरूळच्या पुढे गाडीच्या काचा खाली करू नका, वारा थेट कानात जातो. वाटेत मिसळ खाल्ली, वीस रुपये प्लेट, रस्सा मागाल तितका. पुढे डावीकडे वळायचं आहे. पाटी आहे, पण ती वणीहून परतणाऱ्यांना दिसते, नाशिकहून जाणाऱ्यांना नाही. आम्ही ती परत फिरल्यावर वाचली.

तिकीट मोठ्यांना अडीचशे, मुलांना दीडशे, पोहण्याचे कपडे भाड्यानं. आम्हाला सगळं फुकट होतं. संजयच्या सासरची एक जीप आधीच आली होती आणि मंडळी स्वेटर घालून उन्हात बसली होती. मागे निळी, उंच घसरगुंडी. पार्कच्या जाहिरातीत हिचाच फोटो असायचा.

पाहुणे यायला वेळ होता, म्हणून संजयनं आम्हाला फिरवून दाखवलं. धंदा मार्चअखेरीपासून शाळा उघडेपर्यंत, असं तो सांगत होता. पुढे पाऊस, मग थंडी, मग परीक्षा. मोटार, क्लोरीन, वॉचमनचा पगार आणि बँकेचा हप्ता मात्र बारा महिने. पहिल्या वर्षी अख्खं नाशिक येऊन गेलं. दुसऱ्या वर्षी लोक गेटवरच विचारायचे, नवीन काय? दरवर्षी नवी घसरगुंडी आणायची कुठून? त्यानं एका वर्षी जुनीलाच नवा रंग दिला होता. मुलांनी ती ओळखली.

गेटवर पाहुण्यांची मोटार दिसली आणि आम्ही पाण्यात उतरलो. पाण्याबद्दल एवढंच सांगतो, की पहिल्यांदा ते थंड लागत नाही, मार लागल्यासारखं वाटतं. संजयनं कृत्रिम लाटा सुरू केल्या. आम्ही सगळे आनंदी दिसत होतो, म्हणजे दात वाजत असल्यामुळे तोंडं उघडी होती.

मुंबईचे गृहस्थ साठीचे, सफारीतले. काठानं सावकाश चालत ते मावशींजवळ थांबले आणि त्यांनी विचारलं की इथे नेहमी येता का. दर महिन्याला, असं सांगायचं ठरलं होतं. मावशींनी ते सांगितलं, पण त्यांचे ओठ निळे पडले होते आणि शब्दाला शब्द जुळत नव्हता.

संजयनं मावशींकडे पाहिलं. मग त्यानं स्वतः जाऊन लाटांचं बटण बंद केलं.

"मावशी, बाहेर या. पुरे झालं," तो म्हणाला. पाहुण्यांकडे वळून त्यानं सरळ सांगून टाकलं की ही सगळी घरची माणसं आहेत, मंगळवारी इथे कुणी येत नाही.

"ते कळलं मला," गृहस्थ म्हणाले. "अर्ध्या लोकांचं नाक एकसारखं आहे." मग ते म्हणाले, "माझे असे दोन पार्क आहेत. माझे नातेवाईक आता फोन उचलत नाहीत."

चहा होईपर्यंत व्यवहार ठरला. पार्क त्यांना नको होता. त्यांना निळी घसरगुंडी हवी होती, त्यांच्या पार्कात ती नवीन म्हणून चालणार होती. संजय हो म्हणाला. उरलेल्या जागेत लॉन करून लग्नांना द्यावं, हा सल्ला त्यांनी फुकट दिला.

त्यांची मोटार गेल्यावर संजय म्हणाला, "मी कधी बसलोच नाही हिच्यावर. सीझनला गर्दी, आणि एरवी पाणी सोडणं परवडायचं नाही." त्यानं पाणी सोडायला सांगितलं, बूट काढले आणि शर्टपँटसह वर चढला. खाली येताना त्याचा आवाज आला नाही. बाहेर निघाला, मीनलनं टॉवेल दिला, त्यानं तोंड पुसलं आणि वळणावर जरा वेग कमी होतो म्हणाला.

अंधार पडायच्या आत घरी पोचलो. मावशींना आल्याचा चहा दिला. त्यांना काही झालं नाही, मी मात्र दोन दिवस तापानं पडून होतो. पैसे वसूल का, असं विचाराल तर आम्ही दिलेच नव्हते. तुम्ही जाणार असाल तर लग्नाचं आमंत्रण लागेल, तिथे आता लॉन आहे आणि जेवण चांगलं असतं.

घसरगुंडी फेब्रुवारीत सुटी करून ट्रकमधून गेली. संजय मोटारसायकलवरून हायवेपर्यंत ट्रकच्या मागे गेला होता, असं मीनलनं सांगितलं. कशाला, असं मी विचारलं.

"दोरी कुठे सैल होतेय का, बघत होता म्हणे," ती म्हणाली.